बोलणारं दुसरं माणूस

तेजस्विनी : हसू नका मावशी. पाच पाडे पालथे घातले मी. तुमचा तो शब्द एकालाही माहीत नाही. मग कळलं, तुम्ही पेठचा पाडा सोडून इकडे एकलहऱ्याला लेकाकडे आलात. पत्ता शोधत आले.

चांगुणा : कोनता शब्द?

तेजस्विनी : कोणता म्हणे! सिळकावणे. बांबू सिळकावणे, म्हणजे उभा चिरणे. दोन वर्षांपूर्वी तुमच्याच ओट्यावर बसून तुम्ही सांगितलात. रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे.

चांगुणा : असंल. आदी च्या घे. आमच्या रवीची ड्यूटी सुटंल आता, मग तो बी हसंल तुला.

तेजस्विनी : चहा नंतर. सोमवारी माझा प्रबंध जमा करायचाय. पाच वर्षांचं काम. त्यातलं सगळ्यात मोठं प्रकरण त्या एका शब्दावर उभं आहे.

चांगुणा : एका शब्दावर? आमी एका बांबूत दोन टोपल्या करतो. तू तर लयच काटकसरी बाई.

तेजस्विनी : करा चेष्टा. अहो, फाडणं, चिरणं, फोडणं, या शब्दांची मुळं शोधते मी. आपल्या संस्कृतात भिद् आहे. तिकडे युरोपात, जुन्या लॅटिनमध्ये फिंदेरे. अर्थ तोच, एकाचे दोन करणे. हजारो वर्षांपूर्वी एकाच घरातले होते हे.

चांगुणा : म्हंजी चुलतभाऊ. लग्नाकार्याला तरी भेटत्यात का?

तेजस्विनी : नाही ना भेटत. आणि कानडीत चिरण्याला सीळु म्हणतात. ते घराणंच निराळं. मग पेठच्या डोंगरात तुमच्या तोंडी सिळकावणे कुठून आला? मी लिहिलं, फार जुनी कानडी बोलणारी माणसं इथे हा शब्द मागे ठेवून गेली असणार. सर खूश. म्हणाले, फक्त बोलणारं दुसरं माणूस दाखव. एकटीच्या तोंडचा शब्द आम्ही धरत नाही.

चांगुणा : का? मी काय खोटारडी हाय?

तेजस्विनी : तसं नाही हो.

चांगुणा : हाय की पन. थोडीशी.

तेजस्विनी : म्हणजे?

चांगुणा : तू पहिल्यांदा आलीस तवा वैशाखाचं ऊन. एष्टीतनं उतरून चालत आलीस, तोंड लालबुंद. इचारलंस, बांबूला काय करता? मी म्हनलं, चिरतो. अजून? फाडतो. अजून? फोडतो. तू वही मिटलीस. येवढंसं झालं तुजं तोंड. बस जाईल म्हनून भाकर बी खाल्ली नाय. आमच्यात दारी आलेलं मानूस रिकाम्या हातानं जात नाय पोरी. घरात तवा मूठभर शेंगा बी नव्हत्या. म्हनून शब्द दिला.

तेजस्विनी : शेंगा नव्हत्या म्हणून शब्द! मनाने बनवून?

चांगुणा : मी नाय बनवला. आमच्या ह्यांनी.

तेजस्विनी : कोंडाजीबाबांनी?

चांगुणा : हां. लगीन झालं तवा मला बांबू चिरताच येत नव्हता. कोयता मधीच अडायचा. हे समोर बसून हसायचे. मग एकदा शेंड्यापासनं बुडापर्यंत सरळ गेला, सिळ्ळ करत. हे म्हनले, सिळकला गं, सिळकला! तवापासनं आमच्या दोघांत तोच चालला. पोरांना बी नाय सांगितला. लाज वाटायची.

तेजस्विनी : म्हणजे कानडी नाही, जुना नाही. पेठचासुद्धा नाही. तुमच्या घरचा. गेली माझी साठ पानं!

चांगुणा : रागावलीस?

तेजस्विनी : मग काय नाचू? तेव्हाच सांगायचंत ना! दोन वर्षं उन्हातान्हात हिंडले मी त्याच्यामागे.

चांगुणा : चुकलं माजं. खरंच चुकलं. पन सांगू का? हे जाऊन नऊ वर्सं झाली. तुला सांगितला तवा सात वर्सांनी तो शब्द माज्या तोंडातनं निघाला. तू गेल्यावर दिवसभर एकटीच बोलत हुते, येड्यावानी. लय बरं वाटलं बघ. त्यात तुजं काम बुडंल, हे ध्यानातच नाय आलं.

तेजस्विनी : आता तर मला रागावताही येत नाही. आजच काढून टाकते ते प्रकरण.

चांगुणा : र्‍हाऊ दे की. मी कुनाला सांगत नाय.

तेजस्विनी : नाही मावशी. तुमचा नि बाबांचा शब्द मी कानडीला दत्तक देणार नाही.

चांगुणा : मग हिकडं सरक. टोपलीसाठी आनलेला ह्यो बांबू घे, धर हा कोयता.

तेजस्विनी : मी?

चांगुणा : पाच वर्सं चिरन्यावर लिवतीस, कवा बांबू चिरलास का? हां, शेंड्याकडनं. आंगठा लांब ठेव. जोर नको लावू, सरळ ढकल. अडला? अडू दे. मी बी अशीच अडायचे. परत.

(बांबू शेवटपर्यंत उभा चिरत जातो.)

तेजस्विनी : गेला! मावशी, सरळ गेला! सिळकला!

चांगुणा : लाव तुज्या सरांना फोन. दुसरं मानूस सापडलं म्हनावं.

तेजस्विनी : सर नाही हो धरणार मला.

चांगुणा : त्यांनी नाय धरलं तर नाय. मी धरलं.