मुनीमचा ओठ

(धुळ्यातला एक जनावरांचा दवाखाना. टेबलावर टोपली, टोपलीत बोका. डॉक्टर चारुलता, पारोळ्याहून आलेल्या कुसुमलताबाई आणि त्यांच्या घरी कामाला असलेली बेबाबाई.)

बेबाबाई : उंदीरच चावना शे त्याले. मी पहिलेपासून सांगस, पण मन्हं कोन आयकस?

चारुलता : उंदीर चावलेला नाही, मावशी. काकू, जरा डोकं धरा त्याचं. शाब्बास. नाव काय याचं?

कुसुमलता : मुनीम. आमच्या किराणा दुकानात गादीवर बसतो ना, म्हणून. आमचे शेठ म्हणतात, वायर चावली असेल. वजनकाट्याची.

चारुलता : भाजल्यासारखं दिसत नाही. दात, हिरड्या ठीक आहेत. वरचा ओठ मात्र दोन्ही बाजूंनी खाल्ला गेलाय. जेवतो का?

कुसुमलता : मजेत! त्याचंच तर नवल. ओठ झडत चाललाय आणि हा दूध-पोळी मागतो. दुखत नाही का त्याला?

चारुलता : या जखमा बहुतेक दुखत नाहीत.

कुसुमलता : म्हणजे चांगलंच ना?

चारुलता : चांगलं कसलं! दुखत नाही म्हणून लोक उशिरा आणतात. आधी काही औषध झालं होतं?

कुसुमलता : गावात एक इंजेक्शन दिलं. बरा झाला. त्याच वेळी मी त्याची प्लास्टिकची वाटी बदलून स्टीलची केली होती, म्हणून मला वाटलं, वाटीचंच होतं. मग परत आलं. परत इंजेक्शन, परत बरा. तेव्हा दूध बंद केलं होतं, तर वाटलं, दुधाचं होतं. मग पुन्हा उमटलं. आता मला काहीच कळेनासं झालंय बघा. डोकं फिरायची पाळी आली.

चारुलता : इंजेक्शननं सूज दबते, मूळ कारण तसंच राहतं. दूध-पोळीशिवाय काय खातो?

कुसुमलता : बस, तेवढंच.

बेबाबाई : आनि मन्हा घर येस तवय सुकट.

कुसुमलता : ते मला माहीत नाही.

बेबाबाई : ठाऊक शे अक्काले. सुकटना वास उना का खिडकी लायी लेतस.

चारुलता : बरं झालं सांगितलंत. बोक्याला थोडे मांस-मासे लागतातच. पण खाण्याची ॲलर्जीही असू शकते, ते बघावं लागेल. लगेच नक्की सांगता येत नाही... थांबा. शेपटीजवळ हे काळे कण कसले?

बेबाबाई : धूळ शे. तो कोठेबी लोळस.

चारुलता : ओल्या कापसावर ठेवते. बघा आता.

कुसुमलता : अगं बाई, लाल झालं! रक्त?

चारुलता : त्याचंच. पिसवांनी पिऊन विष्ठेत टाकलेलं. काही मांजरांना पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते. मला पहिला संशय त्याचाच आहे.

कुसुमलता : पिसू चावते पाठीला आणि फुटतो ओठ? हे कुठलं गणित, डॉक्टरबाई?

चारुलता : अंगात एकदा बिनसलं की बाहेर कुठेही निघतं. काहींना कोळंबी खाल्ली की... नाही, तुम्ही खात नाही. औषधाची गोळी पोटात जाते आणि पुरळ हातावर येतं की नाही?

कुसुमलता : ते खरं. पण पिसवा शक्यच नाहीत. मी स्वतः रोज सकाळी बारीक फणीनं काढते.

चारुलता : छान करता. काढून कशात टाकता? साबणाच्या पाण्यात?

कुसुमलता : पाण्यात? अहो, आम्ही जैन! पांढऱ्या रुमालावर अलगद घेते, एकीचा पायसुद्धा मोडू देत नाही, आणि नेऊन सोडते.

चारुलता : कुठे?

कुसुमलता : मागच्या खोलीत. रिकाम्या पोत्यांवर, बारदानावर. उन्हात सोडल्या तर तडफडतील ना बिचाऱ्या. तिथे गार असतं, अंधार असतो.

चारुलता : आणि मुनीम झोपतो कुठे?

बेबाबाई : त्याच बारदानवर तं झोपस!

कुसुमलता : म्हणजे मीच रोज सकाळी त्याच्या अंथरुणात नेऊन ठेवत होते?

चारुलता : तुम्ही चांगल्याच मनानं केलंत.

कुसुमलता : मन घेऊन काय करू? ओठ गेला त्याचा.

चारुलता : गेलेला नाही अजून. आज सुजेचं औषध देते. बारदान सगळं टाकून द्या, खोली धुवा, मुनीम बसतो ती गादी कडक उन्हात घाला. आणि ही नळी. मानेवरचे केस बाजूला करून थेंब कातडीवर सोडायचे. दर महिन्याला, मी थांबवा म्हणेपर्यंत.

बेबाबाई : मन्हा जेठनाकडे म्हशीन्या गोचिडीसनी पावडर शे. ती नही चालाव?

चारुलता : अजिबात नाही! गुरांचं, कुत्र्याचं औषध मांजराला लावलं तर मांजर जातं.

कुसुमलता : आणि या थेंबांनी पिसवा... पळून जातात ना?

चारुलता : मरतात, काकू.

कुसुमलता : नुसत्या पळवणारं काही नाही?

चारुलता : माझा भरवसा बसेल असं नाही.

कुसुमलता : मग मला हे जमायचं नाही. अहो, लग्नाआधीपासून हे व्रत पाळलंय मी. दिवा लागला की खिडकी लावते, किडा येऊन जळेल म्हणून. आणि आता जाणूनबुजून? पण नाही केलं तर शेठ याला अमळनेरच्या गोदामात सोडणार. येत्या रविवारी माल न्यायला गाडी येतेय. म्हणतात, असलं तोंड गादीवर बघून गिऱ्हाईक नाक मुरडतं. तिथे कोण बघणार याच्याकडे? मला हा हवाय हो. पोरं पुण्याला गेल्यापासून माझ्या पायात घोटाळणारं हे एकच आहे घरात. काय करू? इकडे जीव, तिकडेही जीव.

बेबाबाई : अक्का, तुमी तिकडे तोंड करा. मी टाकसू ते थेंब. पाप मन्हा माथे.

कुसुमलता : गप बस.

बेबाबाई : गप कसाले? पिंजरामा उंदीर सापडना का तुमी पिंजरा मन्हा हातमा देतस. पुढे काय व्हस, कधी इचारं तुमी?

कुसुमलता : नाही विचारलं.

बेबाबाई : मंग हाई बी नका इचारू. द्या ती नळी.

चारुलता : मावशी, एक मिनिट. मघापासून तुम्ही एका पायानं दुसरा पाय घासताय. घोटा बघू.

बेबाबाई : काही नही वं माय. खाज येस. उष्णता शे, दिवाळीपासून.

चारुलता : जरा वर घ्या लुगडं. दुसराही पाय. हे ठिपके... मागच्या खोलीत केर कोण काढतं?

बेबाबाई : मीच. रोज.

चारुलता : काकू, इकडे या. बघा.

कुसुमलता : हे पण पिसवांचं?

चारुलता : हो.

बेबाबाई : हाई काय बोलतस डॉक्टरबाई! मी दवाखानामा गयी, मलम लाया. शेजारीन म्हने वांगं बाधस तुले, तं वांगं सोडी दिनं. बठ्ठी थंडी गयी, मी भरीत नही खादं! गल्लीमा भरीतना वास सुटे, लोके बलावाले येत, आनि मी कोरडी भाकर खाऊ. अशी चीड उनी आते माले!

कुसुमलता : मला का नाही सांगितलंस?

बेबाबाई : मन्हा पायना काय सांगानं तुमले?

कुसुमलता : पिसवेचा पाय मोडू नये म्हणून रुमाल धरत होते मी. आणि तू रोज माझ्यासमोर पाय खाजवत केर काढत होतीस. मी पाहिलं नाही, बेबा. खरंच पाहिलं नाही.

चारुलता : काकू, थेंब मी सोडू का? तुम्ही बाहेर बसा.

कुसुमलता : नको. महिन्या-महिन्याला तुम्ही थोड्याच येणार पारोळ्याला? आणि हिच्या माथी तर मुळीच नको. द्या. केस कुठे बाजूला करायचे?

चारुलता : इथे. जीभ पोचत नाही तिथे. हं, दाबा. झालं.

बेबाबाई : तोंडमा काय पुटपुटन्यात, अक्का?

कुसुमलता : मिच्छामि दुक्कडम्.

बेबाबाई : संवत्सरीले मन्हापुढे हात जोडीसन म्हनतस, तेच?

कुसुमलता : तेच, क्षमा मागायचं. दरवर्षी तू हसतेस, 'अक्का, तुमी मन्हं काय वाईट करं?' म्हणून. आणि मलाही कधी काही आठवायचं नाही.

बेबाबाई : राहू द्या. रडू नका. मुनीम तुमनाकडे दखी ऱ्हायना.

चारुलता : पंधरा दिवसांनी दाखवायला आणा. पिसवा गेल्या आणि जखम भरली तर आपला अंदाज बरोबर. नाही भरली तर खाण्याकडे वळू. रविवारच्या गाडीनं मात्र पाठवू नका त्याला.

कुसुमलता : तो कुठे जात नाही. शेठना मी सांगते. टोपली उचल बेबा, आधी भाजीबाजारात जाऊ.

बेबाबाई : बाजारमा कसाले? बस चुकी जाई.

कुसुमलता : भरताची वांगी अजून मिळत असतील ना?

बेबाबाई : मियतीन. पन तुमना जैन घरमा वांगं चालस कोठे? तुमी तं हात बी लावत नहीत.

कुसुमलता : हात तू लाव. पिशवी मी धरते.