समीरचं नवीन पिस्तूल

तुम्हीच सांगा, माझं काही चुकलं का? आमच्या शेजारच्या समीरने पिस्तूल घेतलं. शनिवारी चहाला गेले, तर बाकीची खरेदी कौतुकाने दाखवायला लागला. कमरेचं होल्स्टर, गॉगल, गोळीच्या आवाजापासून कान झाकायला भारीतले मफ.

“आणि पिस्तूल ठेवायला तिजोरी?” मी विचारलं.

“ती ऑर्डर करू सावकाश. सध्या वर बेडरूममध्ये आहे, मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये.”

आमच्या दोघांच्या मुली वरच लपाछपी खेळत होत्या. माझं डोकंच फिरलं. याच्या कानांची एवढी काळजी, आणि पोरींसाठी साधं कुलूप नाही. मी लेकीला खाली बोलावून जॅकेट घातलं.

“तिजोरी येईपर्यंत ही इथे येणार नाही.”

“वहिनी, तुम्ही ओव्हररिअ‍ॅक्ट करताय.”

शेजारी चहा घेत बसलेली त्याची बायको उठली. तिने स्वतःच्या मुलीलाही खाली बोलावून बूट घातले आणि मला म्हणाली, “तोपर्यंत हिलाही घेऊन जा.”