दोघांची बोट

नदीकाठच्या मोठ्या बागेत पायडल बोटीच्या रांगेत माझ्यापुढे सत्तरीच्या एक बाई आणि त्यांची मुलगी उभ्या होत्या.

“आई, गुडघ्यांमुळे तू जिना चढत नाहीस आणि बोट चालवणार?”

“बोटीला जिना असतो का?”

“बरं, पायडल मी मारते. तू नुसती बस.”

“तू कुठे? बोटीत दोघंच बसतात.”

“मग? तू आणि मी.”

“मी आणि ते. ते बघ, निळ्या टोपीवाले. रोज सकाळी इथे माझ्याबरोबर चालतात. पुढच्या महिन्यात आम्ही लग्न करतोय.”

“आई! आणि हे तू मला रांगेत सांगतेस?”

“घरी सांगितलं असतं तर भोकाड पसरलं असतंस. इथे लोक आहेत.”

“बाबांना जाऊन चारच वर्षं झालीत गं.”

“चार वर्षं मी एकटी जेवतेय. तू रविवारी फोन करतेस, तोही भाजी चिरता चिरता.”

रांग पुढे सरकली.

“पोहता येतं का त्यांना?”

“छे.”

“आणि तुला तर नाहीच येत.”

“बुडालो तर जोडीने बुडू.”

मुलीने डोळे पुसले आणि ती टोपीवाल्यांकडे वळून ओरडली, “अहो काका, जाकिटाचा पट्टा नीट लावा आधी! आणि हिला काठाकाठानेच न्या!”