भुताची सोबत

बहात्तरच्या दुष्काळात काष्टीच्या एस.टी. थांब्यावर विहिरी खोदणारे दोघे गडी बसले होते. त्यातल्या एकाच्या हातात आपली भयकथा छापलेलं मासिक दिसलं, तसे दिगंबर मास्तर हळूच त्यांच्या मागे सरकले.

"मग फुडं काय झालं, खाजाभाई?"

"दरड ढासळून गडी कोरड्या हिरीत अडकला. तेवढ्यात भूत आलं."

"मग?"

"मग काय, दोन दिस त्याच्याशी झुंजला आन् वाचला."

ती झुंज लिहायला मास्तरांचे तीन रविवार गेले होते.

"म्हंजी सोबतीला कुनीतरी हुतं."

"अरं गहिनीनाथ, भूत हाय ते!"

"असंना का. गेल्या साली मी दरडीखाली गावलो, तवा मुंगीबी न्हवती."

"लई भ्याला असशील?"

"पयल्यांदा न्हाई. वरनं हाका यायच्या, मी आतनं पहारीनं दगड वाजवायचो. मग हाका एकदम बंद झाल्या. तवा मातुर भ्यालो. वाटलं, सोडलं आपल्याला."

"आन् खरं काय झाल्तं?"

"काय न्हाई. समदी मान्सं जेवाया गेल्ती."