अजबखान्यातली कट्यार

…अन् अंगठा कोनाचा? माहा! मास्तरचा नाही, पाटलाचा नाही, त्या कागदाखाली शाईचा जो गोल ठप्पा हाये ना, तो या कारभारीचा! "सदर हत्यार पेटीबाहेर गेल्यास राखणदारास सक्तमजुरी"… सक्तमजुरी, भाऊ! वितभर कट्यार, पात्यावर बोटभर गंज, वांगं कापाले घेतली तं वांगं हसन, अन् तिच्यापायी मी खडी फोडू? काऊन? मी काही भित्रा मानूस नाही, सांगून ठेवतो. चावडीचा शिपाई हावो. दोन साप मारले म्या या हातानं. पन कागदाले कोन मारते?

तुमाले सांगतो, हा सारा शालिग्राम मास्तरचा उद्योग. आपल्या शाळेचा मास्तर, मानूस लाख मोलाचा, पन नागपूरले जाऊन अजबखाना पाहून आला अन् बिघडला! चावडीमागची भुशाची खोली झाडली अन् घरोघर हिंडला. "कारभारी, गावाचा इतिहास मातीत जाऊन राह्यला! तो जपला पाहिजे, लेकराबाळांना दाखवला पाहिजे!" मास्तर असा हात वर करून बोलला का आपल्याले वाटते, मातीत आपूनच पुरला! तं लोकायनं देल्लं. गोजरबाईनं आजेसासूचं जातं देल्लं. रहेमतुल्लानं ही कट्यार देल्ली, त्याचा कोनी खापरपंजा रोहिणखेडाकडे शिपाई होता म्हने, त्याची. मास्तरनं काचेची पेटी केली, चिठ्ठी लावली, सरकारचा परवाना आनला, किल्ली मले देल्ली, अन् अंगठा माहा घेतला.

आता पाहा, मास्तरनं काढला अजबखाना, अन् गावानं समजली सामान ठेवाची खोली! देल्लं म्हनजे देऊन टाकलं, हे कोनाच्या डोक्यातच नाही! उन्हाया लागला का गोजरबाई दारात उभी. "काढ जातं, पापडाचे उडीद दयाचे हायेत." म्या म्हनलं, अवं, तो इतिहास हाये! तं म्हनते, "राहू दे. दयून झालं का आनून देईन तुहा इतिहास."

कट्यारीचं तं इचारूच नका. आमच्या गावात कोनाचंबी लगन निघो, नवरदेवाच्या हातात कट्यार रहेमतुल्लाचीच. टोकाले लिंबू खोचाचं अन् बोहल्यावर चढाचं. माह्या बापाच्या लग्नात तीच, माह्या लग्नात तीच. रहेमतुल्ला तं खूश. "भाई, पैले लोगां मेरे घर आते थे, अब तेरे पास आएंगे. मेरी तो जान छूटी!" त्याची सुटली, माही अडकली ना! कडूबाचं लगन निघालं, आला हयदीच्या दिवशी, "कारभारीभाऊ, कट्यार." नाही कसं म्हनू? देल्ली. मास्तरले सांगतलं? नाही. भेव म्हनून नाही हो… मी काही भित्रा मानूस नाही. सवड झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकायी मास्तर पयत आला, टोपी हातात. "कारभारी! नागपूरचे साहेब येत आहेत! जुन्या हत्यारांचे शौकीन! खास आपली कट्यार पाहायला! मोटार मोताळ्याहून निघाली!"

तसाच धावलो कडूबाच्या दारी. गाड्या जुपलेल्या, वऱ्हाड धामणगाव बढ्याले निघालेलं, अन् हा गाडीत बसलेला, पिवया, कट्यार धरून. म्या हात जोडले. "कडूबा, घडीभर दे! साहेब पाहीन, लगेच घोड्यावर पाठवतो!"

"भाऊ, हयद लागली. अक्षता पडेलोक हातातून सोडता येत नाही."

"अबे, मी तुरुंगात जाईन!"

"तुम्ही सोडली होती काय तुमच्या लग्नात?"

नव्हती सोडली! म्या तं न्हातानाबी सोडली नव्हती. गाड्या गेल्या, फुफाटा माह्या तोंडावर.

घरी आलो. झुंबरबाई, माही बायको, पावशीवर, तुमी इळी म्हनता त्यावर, वांगे चिरून राह्यली होती. दिसलं मले ते वाकडं, कायं पातं… अन् काय सांगू, पाटावरून उपटलंच! "अहो, माही पावशी! अर्धे वांगे राह्यले!" ती ओरडून राह्यली, मी पयून राह्यलो. लाल फडक्यावर ठेवलं, पेटी लावली, तं मोटार दारात!

साहेबानं पातं हाती घेतलं, भिंग काढलं, नाक टेकवलं. तिथं एक ओला काया डाग. "ये क्या है? खून?" वांगं! वांगं असं तोंडापर्यंत आलं होतं माह्या! संग तहसीलदार. इथलाच मानूस, जल्मभर पावशीवरच्याच भाज्या खाल्ल्या त्यानं. त्यानं पात्याकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं, अन् त्याच्या कपायावर घाम! काऊन? परवान्यावर सही त्याची! "जी हुजूर. खून. बहुत पुराना." मास्तरनं तोंड उघडलं, तहसीलदारनं डोये वटारले, मास्तरनं तोंड मिटलं. साहेब म्हने, "ऐसा मोड हमने कहीं नहीं देखा!" कुठून पाहीन? सैपाकघरात गेला असन तं ना!

अन् पातं निघालं मोटारीत. नागपूरच्या मोठ्या अजबखान्यात ठेवनार म्हने. कागद झाला, "हत्यार सरकारजमा. गावात आता एकही हत्यार नाही." खाली अंगठा कोनाचा? माहा! म्या म्हनलं, सुटलो.

तिसऱ्या दिवशी कडूबा नवरीले घेऊन आला अन् कट्यार माह्या हातात ठेवली. लिंबासकट. "घ्या भाऊ, वेयेवर काम झालं." वेयेवर? अरे, कागदावर गावात हत्यारच नाही, अन् बिनपरवान्याचं हत्यार माह्या हातात! रहेमतुल्लाकडे गेलो. "मैंने तो सरकार को दी, भाई. रसीद है मेरे पास." विहिरीत फेकू? पंधरा दिवसांनी पंजाबरावाच्या पोराचं लगन, त्यामागून अजून चार. कट्यार फेकली तं गाव मले फेकन! घरी आनली, पिठाच्या डब्यात लपवली, अन् चावडीवर जाऊन बसलो. घोड्याची टाप वाजली का वाटे फौजदारच, अन् मी खांबामागं. मी काही भित्रा मानूस नाही, पन पाय भित्रे हायेत माहे.

संध्याकायी घरी आलो, तं झुंबरबाई निवांत वांगे चिरून राह्यली. कशावर? गंज घासलेला, दगडावर धार लावलेली, कट्यार पावशीच्या पाटात ठोकलेली! म्या म्हनलं, अवं, हे काय केलं? तो इतिहास हाये!

"माही पावशी कोनी नेली? तुमीच ना? मंग! लगन निघालं का उपटून देईन."

आता तुमीच सांगा. तिकडे माह्या बायकोची पावशी काचेत बसली, चिठ्ठी लावून. इकडे रहेमतुल्लाच्या खापरपंज्याची कट्यार माह्या चुलीपाशी, अन् आता वांगं बी हसत नाही. दारात कोनी आलं का मी पाटावर फडकं टाकतो अन् त्यावर बसतो, बेतानं. रोज त्याच कट्यारीनं चिरलेले वांगे. सकायी वांगे, संध्याकायी वांगे. वीट आला वांग्याचा, तरी ताट चाटूनपुसून साफ करतो, बाप्पा… काऊन म्हनजे? पुरावा हाये ना तो!