झाकणापाशी बसलेली सून

मार्लेन : पण वहिनी, परीक्षेत हे उत्तर मी कसं मान्य करू? प्रश्न आहे, जर्दाळूच्या टाकीत उतरायची शिडी कशाची असावी? आणि तुम्ही लिहिलंय, "जे उन्हात तापतं, पावसात गंजतं आणि पायावर पडलं तर बोट मोडतं, त्याची."

सैकाल : मग चूक आहे का मास्तर?

मार्लेन : चूक नाही. पण नुसतं 'लोखंडाची' लिहिलं असतं तरी भागलं असतं.

तेमिरकुल : ती कशी लिहील? माझं नाव तेमिरकुल, आणि तेमिर म्हणजे लोखंड. लोखंड म्हटलं की माझं नाव आलंच तिच्या तोंडी. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, 'अता' म्हणजे बाबा एवढंच म्हणायचं, हे शहरात जाऊन विसरलास वाटतं? चौदा वर्षं झाली, आमच्या घरात कढई आहे, कुऱ्हाड आहे, घोड्यांचे नाल आहेत, पण लोखंड मात्र औषधाला नाही.

मार्लेन : अता, मग आज पंचाईत आहे. पान चार बघा. माणूस टाकी घासायला आत असेल तोवर झाकणापाशी बसलेल्यानं दर दोन मिनिटांनी त्याला हाक मारायची. नावानं.

सैकाल : नावानंच कशाला? मी 'अहो अता' म्हणेन की.

मार्लेन : गुंगी चढलेला माणूस 'अहो'ला झोपेतसुद्धा 'हं' म्हणतो. स्वतःच्या नावाला मात्र डोळे उघडतो.

तेमिरकुल : ती नाव घेणार नाही. गळा कापलास तरी नाही. तेव्हा कागद गुंडाळ आणि चहा घे. सून माझी गुणी आहे, पण हे काम तिचं नव्हे. मागच्या हिवाळ्यात कोकरू विहिरीत पडलं, तर ही त्याच्यामागे उडी टाकायला निघाली होती. दोघींनी धरून ठेवली तेव्हा राहिली.

सैकाल : कोकरू वाचलं ना पण?

तेमिरकुल : वाचलं. तू उडी टाकली नाहीस म्हणून वाचलं.

मार्लेन : हे मात्र खरं वहिनी. आतला माणूस पडला म्हणून वरचा आत उतरला, तर मी तिथल्या तिथे नापास करतो.

तेमिरकुल : आणि मी कायमचं घरी बसवतो. ऐक सैकाल, आवाराचा मालक म्हणून सांगतो. आज तुझा पाय आत गेला, की उद्यापासून टाकीचा विषय बंद.

सैकाल : चालेल. पण नाही गेला, तर या मोसमात झाकणापाशी मी बसणार. सहा वर्षं जर्दाळूच्या बिया फोडल्यात, आता बोटांना पीळ पडलाय. आणि मी नाही तर कोण बसणार आहे वर? तो आपला गडी चोरो? उभ्यानं घोरतो तो!

तेमिरकुल : मला वर कुणी लागत नाही.

सैकाल : मला लागतं. मालकही तुम्ही, उतरणारेही तुम्हीच. तुमच्यावर ओरडायला कुणीतरी नको?

मार्लेन : चला मग. पंखा लावलाय. यंत्र दोरीनं सोडून तोंडाशी, मध्यावर आणि तळाला, तिन्हीकडे हवा मोजली. ठीक आहे.

तेमिरकुल : आमच्या वेळी यंत्र नव्हतं. पेटती मेणबत्ती सोडायचो आत.

मार्लेन : आणि विझली तर?

तेमिरकुल : दुसरी पेटवायचो.

मार्लेन : हसू नका वहिनी. जर्दाळूचा लगदा आंबला की त्याचा गॅस तळाशी पाण्यासारखा साचून राहतो. ना रंग, ना वास. अता, वर माणूस असायचा का तेव्हा?

तेमिरकुल : असायचा. पट्टे आवळ माझे. टोपी घे ही. जमिनीवर ठेवू नकोस.

मार्लेन : वहिनींचे हात मोकळे हवेत. टोपी टाकीवर उभ्या केलेल्या रहाटाच्या तिपाईला अडकवा. आणि खिशात काय आहे?

तेमिरकुल : कुरुत. दह्याच्या कडक सुक्या गोळीला पण परवाना लागतो का?

मार्लेन : टाकीत खाणं मना आहे.

तेमिरकुल : खातोय कुठे? खिशात आहे. उतरतो मी. आरडाओरडा फार करू नकोस गं, टाकी ढोलासारखी घुमते.

सैकाल : दोर माझ्या हातात आहे अता. सावकाश.

मार्लेन : दोन मिनिटं झाली. हाक मारा.

सैकाल : भट्टीत जातं लाल होतं, पाण्यात पडून फुसफुसतं,
त्याच नावाचं माणूस माझं टाकीत बसून घासतं!

तेमिरकुल : ओ! घासतंय!

मार्लेन : वहिनी, हे काय?

सैकाल : नावानं हाक मारली मी. फक्त जरा लांबून आले.

मार्लेन : गॅस एवढ्या लांबून येत नाही. पुढची हाक नीट मारा. झाली वेळ.

सैकाल : दाढीवर ज्यांच्या बर्फ पडलं, वितळलं नाही उन्हाळी,
ओ द्या अता, वर सून उभी, हातात दोर सांभाळी!

तेमिरकुल : ओ! यमक बरं आहे! मास्तर, तिला पास कर!

मार्लेन : नाही करणार. नाव ऐकल्याशिवाय नाही. सहा मिनिटं. बोला.

सैकाल : चहात ज्यांना मीठ लागतं, बोलण्यात लागतो खार,
ओ द्या अता, चेष्टा पुरे, उशीर झाला फार!

मार्लेन : ओ आला नाही.

सैकाल : अता!

मार्लेन : दिवा मारा आत. काय दिसतंय?

सैकाल : भिंतीला टेकून बसलेत. मान खाली. अता!

मार्लेन : अरे देवा. यंत्रानं तर बरोबर दाखवलं होतं. बाजूला व्हा, मी उतरतो, बाजूला व्हा!

सैकाल : मास्तर, मागे! पट्टे कुठेत तुमचे? शिडीवरून पाय काढा!

मार्लेन : माणूस पडलाय आत!

सैकाल : म्हणूनच. कॉलर फाटली तरी सोडणार नाही मी. भोंगा घ्या तो, वाजवा! वाजवा म्हणते ना! तेमिरकुल! तेमिरकुल! ओढतेय मी तुम्हाला, तेमिरकुल!

(रहाटाची कडकड. टाकीच्या तोंडातून आधी हेल्मेट, मग पांढरी दाढी वर येते.)

तेमिरकुल : अगं थांब! जिवंत आहे मी! गुडघा, गुडघा अडकला!

सैकाल : बोलू नका अता. तुम्ही बेशुद्ध आहात.

तेमिरकुल : ए मास्तर, सांग तिला! जर्दाळूची टोपली समजते काय मला?

मार्लेन : वहिनी, ते बोलतायत. थांबवा आता.

सैकाल : माणूस मोकळ्या हवेत बसेपर्यंत रहाट थांबवायचा नाही. पान सात. हं, बसा. श्वास घ्या. आता सोडते.

तेमिरकुल : दोन्ही गुडघे सोलले माझे.

सैकाल : अर्ध्यावर आलात तेव्हा कडकन आवाज आला. बेशुद्ध माणूस कुरुत चावत नाही अता.

मार्लेन : मग तेव्हाच का नाही थांबलात?

सैकाल : पान सात.

मार्लेन : अता, हा काय खेळ झाला? माझं काळीज बंद पडलं असतं!

तेमिरकुल : तुझं काळीज राहू दे. तू कुठे निघाला होतास ते सांग. वहीत शेरा काय लिहिणार स्वतःला?

मार्लेन : ते... ते मी घाईत...

तेमिरकुल : सगळे घाईतच उतरतात. सैकाल, इकडे बघ. शिडीवर पाय ठेवला होतास?

सैकाल : ठेवला होता.

तेमिरकुल : मग?

सैकाल : मग काढला.

मार्लेन : नियमानं बघितलं तर वहिनी, एक पायसुद्धा...

तेमिरकुल : गप रे. तुझे दोन्ही होते. सैकाल, नाव घेतलंस माझं.

सैकाल : घेतलं.

तेमिरकुल : तीनदा. मागेपुढे काही न लावता. बिया फोडणाऱ्या बायकांनीसुद्धा ऐकलं.

सैकाल : घरी चला, वाकून सलाम करते, म्हणाल तितक्या वेळा. पण खाली येणार नव्हते मी. तुम्हाला राग आला तरी चालेल.

तेमिरकुल : राग नाही गं. इसाकुल माझा थोरला भाऊ. तू आलीस त्याच्या आधीची गोष्ट. आत मी होतो, वर तो होता. दोनदा हाक मारली त्यानं. तेमिरकुल, तेमिरकुल. ऐकू येत होतं मला, जीभ उचलत नव्हती. तिसरी हाक वरून आली नाही. माझ्या कानाशी आली.

सैकाल : उतरले ते.

तेमिरकुल : दोर माझ्या कमरेला होता आणि त्याच्या हातात होता. नुसता ओढला असता. तो सोडून माझ्यापाशी आला. लोकांनी धावत येऊन दोर ओढला, तर वर आलो मी एकटाच. त्याच्या कमरेला काही नव्हतं.

मार्लेन : अता, हे मला आधी सांगायचं होतं.

तेमिरकुल : सांगितलं असतं तर तू पान चारवर लिहिलं असतंस. मला आज ऐकायचं होतं, तिसरी हाक कुठून येते ते.

सैकाल : कुठून आली?

तेमिरकुल : वरून. भलत्या मोठ्यानं. टोपी दे माझी.

मार्लेन : मग वहिनी पास. फक्त ते शिडीचं उत्तर तेवढं दुरुस्त करून द्या. कशाची असावी?

सैकाल : जे उन्हात तापतं आणि पावसात गंजतं, त्याची.

मार्लेन : आत्ता तर गाव गोळा होईल एवढ्यानं ओरडलात!

सैकाल : तेव्हा ते टाकीत होते मास्तर. आता समोर बसलेत.

तेमिरकुल : बरोबर आहे. टाकीच्या तोंडाशी नाव, घरी नाही. उद्यापासून ही बसेल झाकणापाशी.

सैकाल : आणि तुम्ही ओ कधी देणार?

तेमिरकुल : पहिल्या हाकेला. शपथ. पण सूनबाई, ओ दिला तरी आणखी एकदा मारत जा. त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नाही.