काकांचे नवे प्लग

जुन्या गाडीला ते महागडे इरिडियमचे प्लग टाकू की नको, असं विचारतोयस ना? मग आधी आमच्या खोपटच्या बिल्डिंगमधल्या वसंतकाकांचं ऐक.

काकू गेल्यापासून काका एकटेच. सोबतीला जुनी पद्मिनी. रविवारी सकाळी ती हमखास रुसायची. मग काका खालून हाक मारायचे, "अरे, या रे, जरा धक्का द्या!" आमच्या झोपेचं खोबरं. चौघं-पाचजण उतरायचो, गेटपर्यंत ढकलायचो. गाडी एकदाची सुरू झाली की काका थर्मासमधला चहा सगळ्यांना पाजायचे.

मला वाटलं, या वयात माणसाला किती हा ताप! प्लग काढून बघितले, तर काळेकुट्ट. म्हणून काकांच्या वाढदिवसाला इरिडियमचे चार प्लग आणून मीच बसवले. रविवारी काकांनी चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच फटक्यात सुरू! कुणी खिडकीतूनही डोकावलं नाही. काका भरलेला थर्मास मांडीवर घेऊन बसलेले.

"कशी चालतेय?" मी विचारलं.

"छान," ते म्हणाले. "एकदम छान."

पुढच्या रविवारी परत हाक! मी वैतागून धावत गेलो, बॉनेट उघडलं. आत तेच जुने काळे प्लग.

"काका, नवे कुठायत?"

"कपाटात. जपून ठेवलेत," काका हळूच म्हणाले. "आता बॉनेट लाव आणि मागे जा. सगळे खोळंबलेत."